एकही मशीन सोडू नकोस

माझी नात भलत्या वेळी घरी आली की मला भीती वाटते. तिच्या येण्याजाण्याच्या वेळा मला पाठ आहेत. त्या सोडून जिन्यावर तिच्या चपला वाजल्या की मी हातातलं काम टाकून दाराकडे बघते. असं आजवर तीन वेळा झालं. पहिल्या दोन वेळा ती शिक्षण सोडून आली होती. मला तिसऱ्या वेळेचं सांगायचं आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय ते कळणार नाही.

मी चौथी पास आहे, म्युनिसिपालटीच्या शाळेतून. घरात आम्ही मालवणी बोलतो. लिहायला मात्र शाळेत शिकवलेली भाषाच येते, म्हणून तीच लिहिते.

आम्ही लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझा नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, कामाला होता. गिरणी बंद पडली आणि तो गॅलरीत स्टूल टाकून बसला तो मरेपर्यंत बसला. ते बघत माझा मुलगा वाढला. त्याने आयटीआय सोडलं. कुरियरचं काम धरलं, तेही सोडलं. दादरला एका दुकानात लागला, ते सोडलं. प्रत्येक वेळी दुपारी घरी यायचा आणि भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडायचा. विचारलं तर एकच उत्तर. "आई, मला तिथे गुदमरतं." शेवटी त्याने बायको आणि सहा वर्षांची मुलगीही सोडली. "जरा जाऊन येतो," म्हणाला आणि गेला. आम्ही शोधलं, पोलिसांत सांगितलं, गावाला विचारलं. आला नाही. मेला की जगला, मला आजही माहीत नाही.

सून हिंदमाताला साडीच्या दुकानात काम करते. दिवसभर साड्या उलगडून दाखवायच्या आणि पुन्हा घड्या घालायच्या. त्यामुळे नात माझ्याच हाताखाली वाढली. तिचे कान बापासारखे. ताटातला शेवटचा घास टाकायची सवय बापासारखी. तो घास टाकला की मी ओरडायचे. तिला वाटायचं आजीला अन्नाची काळजी. मला अन्नाची काळजी नव्हती. ही पण अर्ध्यावर सोडणार, हीच भीती मला सतत होती.

पोरगी हुशार निघाली. बारावीनंतर तिला बायोमेडिकल इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. हॉस्पिटलातली यंत्रं बनवायची आणि दुरुस्त करायची, असं ते शिक्षण. छातीचा आलेख काढणारं यंत्र, श्वास देणारं, सलाईन मोजून सोडणारं. शेजारीण म्हणाली, "म्हणजे डॉक्टर पण नाय आणि धड इंजिनेर पण नाय?"

मी म्हटलं, "मशीन बंद पडलं तर तुझा डॉक्टर काय फुंकर मारणार?"

तिसऱ्या वर्षी तिला परळच्या एका हॉस्पिटलात कामाचं शिक्षण घ्यायला पाठवलं. तळघरात वर्कशॉप होतं. वॉर्डातून बिघडलेली मशिनं खाली यायची, दुरुस्त होऊन वर जायची. नवरात्र आलं. गिरणगावात खंडेनवमी कशी व्हायची ते आता कोणाला सांगून कळणार नाही. वर्षात त्या एकाच दिवशी बायका गिरणीच्या आत जायच्या. साचे धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून उभे असायचे आणि माझा नवरा प्रत्येक साच्याला आपल्या हाताने कुंकू लावायचा. त्याच्या वाटणीचे असोत नसोत, सगळ्यांना. मी त्याच शिस्तीतली. आदल्या दिवशी दादरहून झेंडू आणला, कुंकवाची पुडी बांधली आणि नातीच्या हातात दिली.

"एकही मशीन सोडू नकोस गो. ज्याला लावणार नाहीस ते तुझ्यावर रुसेल."

"आजी, तिकडे चाळीस मशिनं आहेत."

"मग चाळिसांना लाव. बोटं झिजतात काय तुझी?"

ती हसली. वर्कशॉपमध्येही पूजा होणारच होती, पण ते लोक एखाददुसऱ्या मशीनला टिळा लावून पेढे वाटायचे. हिने आजीचा शब्द पाळला. संध्याकाळी येऊन म्हणाली, "लावलं सगळ्यांना." मी खूश झाले. सुनेला म्हटलं, ही आजोबावर गेली आहे.

दसऱ्यानंतर आठदहा दिवसांनी ती दुपारी दोन वाजता घरी आली. बॅग खाली ठेवली आणि खाटेवर पडली. भिंतीकडे तोंड करून.

"काय झाला गो?"

"मी आता जाणार नाही."

"किती दिवस?"

"कधीच नाही."

मी सगळं विचारून बघितलं. कोणी अंगाला हात लावला का? नाही. नापास झालीस का? नाही. कोणी बोललं? नाही. शेवटी म्हणाली, "मला मशीनची भीती वाटते." दोन-अडीच वर्षं मशीन शिकलेली पोरगी असं म्हणते म्हटल्यावर मी ती थाप समजले. तिच्या बापाला गुदमरायचं, हिला भीती वाटते. रात्री सून आली, तिने आरडाओरडा केला, रडली. पोरगी वळली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुताराला बोलावून मोरीच्या दाराची आतली कडी काढून टाकली. कशासाठी ते मी सुनेला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. तिलाही तेच भय होतं. त्यानंतर आठ महिने मी भाजीलासुद्धा खाली उतरले नाही. शेजारणीच्या हातून आणवायची. नात झोपली की तिची छाती वरखाली होते का बघायची. तीच चूक पुन्हा करायची नव्हती. मुलगा निघाला तेव्हा मी डाळीला फोडणी देत होते, मागे वळूनही बघितलं नव्हतं.

आठ महिन्यांनी तिने आपणच बीएस्सीचा फॉर्म भरला. प्राणिशास्त्र. एकदा कॉलेजातून बाटलीत चिलटं घेऊन आली. त्यांना कुजकं केळं घालायची आणि भिंगातून त्यांचे डोळे बघायची, लाल की पांढरे. शेजारीण दारातून म्हणाली, "लोक कुत्रा पाळतात, मांजर पाळतात. तुमची माशा पाळते." पोरगी सकाळी उठून काहीतरी मोजते आहे, मला तेवढं पुरे होतं. तीन वर्षं झाली, पास झाली. एमएस्सीला गेली. पहिल्याच वर्षी प्रयोगासाठी हॉस्पिटलातून रक्ताचे नमुने आणायची पाळी तिच्यावर आली. ती वॉर्डाच्या दारापर्यंत गेली, तिथूनच परत फिरली आणि दुपारी घरी आली. "जमत नाही," म्हणाली. झालं. दुसरं शिक्षण सुटलं.

या वेळी मात्र ती फार दिवस पडून राहिली नाही. दादरच्या एका क्लासमध्ये मुलांना विज्ञान शिकवायला लागली. तिला शिकवता येतं, हे तिला तिथे कळलं. मग बीएड केलं आणि परळच्याच एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवायला लागली. सून चाळीत पेढे वाटणार होती. मी वाटू दिले नाहीत. वर्षभर टिकू दे, मग वाट म्हटलं.

वर्ष पुरं व्हायचं होतं. संक्रांतीच्या आधीची गोष्ट. मी दुपारी कुळीथ निवडत बसले होते आणि जिन्यावर चपला वाजल्या. तिसऱ्या मजल्यापर्यंत येईस्तोवर मी म्हणत होते, दुसरं कोणी असेल. तीच होती. खाटेवर पडली नाही. दाराजवळ जमिनीवर बसली, चपला पायातच.

"उद्यापासून मी शाळेत जाणार नाही, आजी."

सूप माझ्या मांडीवर होतं. मी ते खाली ठेवलं. ओरडून काही होत नाही हे एव्हाना मला कळलं होतं. मी म्हटलं, "खरा काय ता सांग. या वेळी सांगितल्याशिवाय मी तुका उठूक देणार नाय."

ती बोलली. वर्गात नाडीचा धडा होता. मुलांना मनगटावर बोटं ठेवून अर्धा मिनिट ठोके मोजायला सांगितले आणि त्याची दुप्पट करून कागदावर लिहायला सांगितली. एका मुलीने एकशे साठ लिहिले. एवढे ठोके बसल्या जागी पडणं बरं नव्हे. तो आकडा बघून माझ्या नातीचा चेहरा उतरला आणि ती सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "आजच्या आज घरी सांग, डॉक्टरला दाखवा." ती मुलगी पांढरी पडली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आलीच नाही. चार दिवस झाले. आज वर्गातली दुसरी एक मुलगी म्हणाली, "बाई, ती मरणार म्हणून घरात रडत बसलीय." मग कळलं, पोरीने दुप्पट दोनदा केली होती. हिला ते कळल्यावर पुढचा तास घेता आला नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली.

मी विचारलं, "तू तिच्या मनगटाला हात लावून बघितलंस?"

"नाही."

"कित्याक नाय? बाजूला तर उभी होतीस."

तिने चपलेच्या पट्ट्यात बोट घातलं. मग म्हणाली, "माझा हात जात नाही, आजी. त्या दसऱ्यापासून जात नाही."

आणि मग तिने मला इतक्या वर्षांनी सांगितलं. सलाईनच्या मशीनला एक चिमटा असतो. पडणारा प्रत्येक थेंब तो मोजतो. त्याला बारीक काचेची खिडकी असते, तिच्यातून त्याला थेंब दिसतो. हिने चाळीस मशिनांना कुंकू लावताना एका चिमट्यालाही लावलं. नंतर सगळी मशिनं पुसली, पण त्या खिडकीत कुंकू राहिलं. ते मशीन दुरुस्त म्हणून वर गेलं. दोनतीन दिवसांनी एका म्हाताऱ्याला लावलं. त्याला ब्लडप्रेशर टिकवायचं औषध थेंबाथेंबाने चाललं होतं. मशीनला थेंब दिसेना. ते थांबलं आणि ओरडायला लागलं. औषध बंद.

"मी तिथेच होते," ती म्हणाली. "शेजारच्या खाटेचं मशीन बदलायला गेले होते. हाताच्या अंतरावर. नुसता चिमटा काढून हाताने थेंब चालू करायचे होते, मला येत होतं. मला हात पुढे करता आला नाही. त्याचे डोळे वर गेले. मी बघत उभी राहिले."

"मेला?"

"नाही. नर्स धावत आली, तिने केलं. वाचला तो. मशीन खाली आणल्यावर वर्कशॉपच्या सरांनी चिमटा उघडला, कुंकू बघितलं, फडक्याने पुसलं. म्हणाले, कुठे बोलू नकोस. मी पुढे आठवडाभर जात होते. पण मशीनला हात लावायची वेळ आली की हात जागचा हलायचा नाही."

मी म्हटलं, "कुंकू मी दिला होता."

तिने सूप ओढून घेतलं आणि कुळथातला एक खडा काढून टाकला.

"माका का नाय सांगितलंस?"

"काय सांगणार? तू काय म्हणाली असतीस? सांगितलं होतं नीट पूजा कर, तर तेवढंही धड जमलं नाही."

तेच म्हटलं असतं मी. शब्दाला शब्द तेच.

इतकी वर्षं मी तिच्यात माझ्या मुलाचं रक्त शोधत होते. तिचे कान बघायचे, टाकलेला घास बघायचे. रक्ताला माझा इलाज नव्हता, म्हणून माझी भीती सवयीची झाली होती. आता कळलं की पुडी मी बांधली होती, आणि सांगितलं तर आजी काय बोलेल या धाकाने पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मग माझ्या मुलाचं काय? तोही मला काही सांगायचा राहिला होता का? हा विचार आला तेव्हा जी भीती वाटली ती आधी कधी वाटली नव्हती. त्याचं उत्तर मला मिळणार नाही. मी तो विचार तिथेच ठेवला, कारण दारात बसलेली पोरगी जिवंत होती आणि तिच्या पायात अजून चपला होत्या.

माफी मागायची मला सवय नाही. मी लुगडं बदललं आणि म्हटलं, "ऊठ. त्या पोरीकडे जाऊया."

"मी काय तोंड दाखवू?"

"आहे ते दाखव. मी येतंय बरोबर."

मुलगी डिलाईल रोडला राहायची. लालबागहून करी रोडचा पूल ओलांडला की आलंच, पण माझ्या पायांना ते आलंच नव्हे. पुलावर दोनदा थांबावं लागलं. मी थांबले की ती दहा पावलं पुढे जाऊन थांबायची. मला भीती की ही खाली स्टेशनात उतरेल आणि गर्दीत जाईल. मी तिला म्हटलं, माझा हात धर, चक्कर येते. चक्कर येत नव्हती. ती मागे आली आणि तिने माझा दंड धरला.

मुलीची आई भाकऱ्या थापत होती. दारात नातीला बघून तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि उठली. "या. तुम्हीच त्या सायन्सच्या बाई ना? चार दिवस माझी पोर जेवत नाही, झोपत नाही. बघावं तेव्हा बोटं मनगटावर. मी म्हटलं, तिथे काय घड्याळ बांधलंय का? डॉक्टरकडे नेली. डॉक्टर म्हणाले, पोरगी ठणठणीत आहे, बाईंना तपासा."

मला नातीचा हात माझ्या दंडावर घट्ट झालेला कळला. आता ही वळते, असं वाटलं. मीच मध्ये बोलणार होते. त्या बाईची पोरगी आतल्या खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बारा-तेरा वर्षांची, बारीक. तिची बोटं खरंच मनगटावर होती.

नात म्हणाली, "चूक माझी झाली. तुझा आकडा चुकला होता, पण मी हात लावून बघायला हवं होतं. मी न बघता बोलले."

पोरीने तिच्याकडे बघितलं आणि मनगट पुढे केलं. "मग आता बघा."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, कोणी हललं नाही. मग नात खाटेच्या कडेला बसली आणि तिने पोरीच्या मनगटावर बोटं ठेवली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं. तिच्या ओठांवर घाम आला होता. "अठ्ठ्याऐंशी," ती म्हणाली. "तुझ्या वयाला अगदी बरोबर. आता माझं तू मोज."

पोरीने मोजलं. बाईंचे एकशे दहा भरले तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "बाई, तुम्हीच घाबरलाय." मग तिला चटकच लागली. आईचं मोजलं. मग माझ्याकडे वळली. "आजी, तुमचं?"

मी हात दिला. पोरगी मोजत मोजत मध्येच थांबली. पुन्हा बोटं नीट ठेवली. "बाई, आजींचं मध्येच गप होतं. मग एकदम दोन येतात."

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला माझ्या छातीचं काही वाटलं नाही. मला छातीत अधूनमधून काहीतरी पलटी खाल्ल्यासारखं होतं ते मी दोन वर्षं कोणाला सांगितलेलं नाही. मी नातीच्या तोंडाकडे बघत होते. ते उतरलं. अगदी ज्या दुपारी ती पहिल्यांदा घरी आली त्या दुपारसारखं. मी म्हटलं, "म्हाताऱ्या माणसाचा असाच असता. चल, उशीर झालो."

"गप बस, आजी."

तिने माझं मनगट घेतलं. तिची बोटं बर्फासारखी होती. एक ठोका चुकला तो मलाही कळला, आणि मी वाट बघत राहिले की ती आता हात काढून घेईल. तिने काढला नाही. घड्याळाचा काटा एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरायला लागला, तरी काढला नाही.

मग त्या पोरीला म्हणाली, "तू बरोबर मोजलंस. मी केलं नाही ते तू केलंस, शंका आली तेव्हा पुन्हा बोटं ठेवलीस. उद्या वर्गात हे तूच सगळ्यांना सांगायचं."

"आणि आजींचं काय?" पोरीने विचारलं.

नातीने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत भीती होती. माझ्याही असणार. "उद्या शाळा सुटल्यावर हिला डॉक्टरकडे नेते," ती म्हणाली.

शाळा सुटल्यावर, असं ती म्हणाली. मी ते ऐकलं. डॉक्टरकडे जायला मला आवडत नाही आणि एरवी मी भांडले असते. मी बरं म्हटलं आणि हात तिच्या बोटांखाली तसाच राहू दिला.